करारी लोक आणि मतपेटी

निवडणुकीचे निकाल लागले की मतदानाचे आकडे प्रसिद्ध होतात आणि ज्यांनी मत दिले नाही अशा सर्वांची एकच रास घातली जाते. आजारी, परगावी गेलेले, आळशी, रुसलेले, मिळालेली सुटी झोपेत घालविणारे असे सारे तीत एकत्र पडतात आणि दुसऱ्या दिवशीच्या अग्रलेखात त्या सर्वांवर उदासीनतेचा एकच ठपका येतो. ह्या राशीत क्वचित असाही एखादा माणूस असतो, की ज्याने मतपत्रिकेचा विचार तुम्हाआम्हांपेक्षा अधिक केलेला असतो आणि आपल्या ईश्वरनिष्ठेस हे कृत्य मानवणार नाही असा निर्णय करूनच तो घरी थांबलेला असतो. असे लोक आपल्या प्रांतांत थोडे, म्हणून त्यांचा इतिहास आपल्या वाचनात फारसा येत नाही. परंतु ज्या एका लहानशा पंथाने हा निर्धार अमेरिकेत सुमारे पावणेदोनशे वर्षे चालविला, त्याची कथा आम्हांस मोठी विचारप्रवर्तक वाटते. तीच येथे सांगावयाची आहे.

हा पंथ मूळचा स्कॉटलंडचा. इंग्रजीत त्यास ‘कव्हेनंटर’ म्हणतात. आपल्याकडे बायबलच्या भाषांतरामुळे ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ हे शब्द रूढ झाले आहेत. त्याच अर्थाने ‘कव्हेनंट’ म्हणजे करार, ईश्वरास साक्षी ठेवून साऱ्या राष्ट्राने केलेली प्रतिज्ञा. ह्या लोकांस मराठीत ‘करारी’ म्हणावे असे आम्ही सुचवितो. मराठीत करारी माणूस म्हणजे बोलल्या शब्दास चिकटून राहणारा, थोडासा कठोर माणूस. आणि हे लोक दोन्ही अर्थांनी करारी होते. वॉल्टर स्कॉटची ‘ओल्ड मॉर्टॅलिटी’ ही १८१६ची कादंबरी ज्यांनी महाविद्यालयात वाचली असेल, त्यांस ही मंडळी भेटलेली आहेत. मात्र स्कॉटची सहानुभूती त्यांच्याकडे पूर्णपणे नव्हती, हे ध्यानात ठेविले पाहिजे.

१६३८ साली एडिंबरो येथील ग्रेफ्रायर्स चर्चच्या आवारात राष्ट्रीय करारावर सह्या होऊ लागल्या. राजाने चर्चच्या उपासनेत हात घालू नये, चर्चचा मस्तक ख्रिस्त आहे, राजा नव्हे, हा त्याचा गाभा. १६४३ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटबरोबर दुसरा करार झाला. पुढे दुसऱ्या चार्ल्सला स्कॉट लोकांच्या साह्याची गरज पडली, तेव्हा त्याने १६५० मध्ये दोन्ही करारांवर सही केली आणि १ जानेवारी १६५१ रोजी स्कोन येथे त्यास राज्याभिषेक झाला. १६६० मध्ये तो लंडनच्या गादीवर आला आणि सही विसरला. १६६१ मध्ये दुसऱ्या कराराची प्रत पार्लमेंटच्या हुकुमावरून जल्लादाच्या हातून जाळण्यात आली. अडीचशेहून अधिक धर्मोपदेशक आपापल्या चर्चमधून बाहेर पडले. लोक माळरानावर, डोंगराच्या कुशीत जमून उपासना करू लागले. १६७० मध्ये अशा सभेत उपदेश करणाऱ्यास देहान्ताची शिक्षा ठरली.

२२ जून १६८० रोजी रिचर्ड कॅमेरन हा तरुण उपदेशक वीसएक घोडेस्वारांसह सॅंकर ह्या लहानशा गावी आला आणि भर चौकात एक जाहीरनामा लावून निघून गेला. करार मोडणारा राजा आमचा राजा नव्हे, असा त्याचा आशय होता. बरोबर एका महिन्याने तो लढाईत पडला. १६८८ च्या फेब्रुवारीत जेम्स रेनविक ह्या सव्वीस वर्षांच्या उपदेशकास एडिंबरोत फाशी देण्यात आले. जाहीर फाशी झालेल्या करारी लोकांत तो शेवटचा. त्याच वर्षाच्या अखेरीस राजा पळाला आणि राज्यक्रांती झाली.

येथपर्यंतची कथा छळाची आहे आणि छळाच्या कथा जगात पुष्कळ आहेत. आमच्या विषयाचा प्रारंभ खरा येथून पुढे होतो. १६९० मध्ये नव्या राजाने प्रेस्बिटेरियन चर्चची पुनःस्थापना केली. बहुतेकांचे समाधान झाले. थोडी मंडळी मात्र म्हणाली: छळ थांबला हे खरे, पण करार कोठे आहे? राष्ट्राने शपथ घेतली होती. ती कोणी मागे घेतली? ज्या राज्यघटनेत ती शपथ नाही, तिच्याशी आम्ही इमान कसे राखावे? त्यांचे उरलेले तीन उपदेशकही सरकारी चर्चमध्ये निघून गेले. तेव्हापासून १७०६ मध्ये जॉन मॅकमिलन येईपर्यंत सोळा वर्षे ह्या लोकांस उपदेशक नव्हता. लग्ने, बाप्तिस्मे, प्रभुभोजन ह्यांपैकी जे विधी उपदेशकावाचून होत नाहीत, ते थांबले. घरोघरी प्रार्थनामंडळे मात्र चालू राहिली. मॅकमिलन आल्यावरही १७४३ पर्यंत तो एकटाच होता. छळाच्या काळी निष्ठा टिकविणे कठीण असते. परंतु छळ संपल्यावर, शेजारी खुशीत असताना, कोणी विचारीत नसताना ती टिकविणे हे आमच्या मते अधिक कठीण.

ह्यांपैकी बरेच लोक समुद्र ओलांडून अमेरिकेत गेले. तेथे राजा नव्हता. १७८८ पासून एक लिखित संविधान होते आणि सामान्य शेतकऱ्यासही मत मिळू लागले होते. स्कॉटलंडात त्यांच्यापैकी फारच थोड्यांस मताधिकार होता, म्हणून मतदानाचा प्रश्न तीव्र झाला तो अमेरिकेत. त्यांची विचारसरणी अशी. अमेरिकेच्या संविधानात ईश्वराचे नाव नाही. राष्ट्रांवर ख्रिस्ताची सत्ता आहे ह्याची त्यात कबुली नाही. शिवाय त्या संविधानाने गुलामगिरी पोटात घातली आहे: प्रतिनिधींची संख्या ठरविताना गुलाम तीनपंचमांश धरावेत आणि पळून गेलेला गुलाम धन्यास परत द्यावा, असे त्यात लिहिलेले आहे. निवडून आलेला प्रतिनिधी ह्या संविधानाच्या रक्षणाची शपथ घेतो. तो शपथ घेतो ती कोणाच्या वतीने? ज्याने त्यास पाठविले त्याच्या वतीने. म्हणून मत देणे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून आपण शपथ घेणे होय. जी शपथ मी स्वतःच्या तोंडाने घेणार नाही, ती प्रतिनिधीच्या तोंडाने तरी का घ्यावी?

आपण ‘मतदान’ म्हणतो. त्यात दान आहे. दान एकदा दिले की देणारा मोकळा होतो, घेणाऱ्याने पुढे त्याचे काय केले ह्याचा दोष दात्यास फारसा लागत नाही. करारी माणसास हा शब्द मुळीच पटला नसता. त्याच्या दृष्टीने ते दान नव्हते, ती सही होती, आणि सही करणारा शेवटपर्यंत बांधलेला राहतो. तेव्हा मताची किंमत कमी लेखल्यामुळे हे लोक मत देत नसत, असे म्हणताच येत नाही. ती त्यांनी इतकी वाढवून ठेविली होती की ती देण्याइतके राज्य त्यांस दिसत नव्हते.

ह्या नकाराची त्यांनी पूर्ण किंमतही मोजली. सरकारी पद नको. पंच म्हणून न्यायालयात बसणे नको, कारण तेथेही शपथ. आणि परदेशातून आलेल्यांनी नागरिकत्वाची शपथही घ्यावयाची नाही. कायदे ते पाळीत, कर भरीत, शेजारधर्मास चुकत नसत. जे घ्यावयाचे नाही ते सर्वच घ्यावयाचे नाही, सोयीचे तेवढे ठेवून नव्हे. मत न देणारे पुष्कळ असतात. मत न देण्याबरोबर पदाची आशाही सोडणारे किती असतात, हे वाचकांनीच पाहावे.

आणि त्यांचे हात केवळ कागदावर स्वच्छ नव्हते. १८०० साली अलेक्झांडर मॅकलाउड ह्या तरुण उपदेशकास न्यूयॉर्क राज्यातील एका मंडळीने आपल्याकडे येण्याचे आमंत्रण दिले. आमंत्रणावर सह्या करणाऱ्यांत गुलाम बाळगणारे लोक आहेत असे पाहून त्याने ते नाकारले. प्रश्न पंथाच्या धर्ममंडळापुढे गेला आणि निर्णय झाला की गुलाम बाळगणाऱ्यास प्रभुभोजनास बसता येणार नाही. दोन माणसे दक्षिण कॅरोलिनात पाठविण्यात आली आणि तेथील करारी लोकांनी आपले गुलाम मुक्त केले. हे १८०० साली, लिंकनच्या जन्माच्या नऊ वर्षे आधी, आणि तेही ज्या दक्षिणेत गुलाम हीच मालमत्ता होती तेथे. दोन वर्षांनी मॅकलाउडने गुलामगिरीविरुद्ध पुस्तक प्रसिद्ध केले. इतर मोठमोठी चर्चे ह्या प्रश्नावर पुढे चाळीस-पन्नास वर्षे ठराव लिहीत आणि खोडीत बसली होती.

परंतु ज्या नियमात इतके तेज असते त्यात काचही असतो. मत न देणे ही येथे केवळ एकेकाच्या मनाची गोष्ट राहिली नव्हती. ती पंथाची शिस्त झाली होती. जो मत देईल त्यास मंडळीतून दूर करीत. ज्याची सदसद्विवेकबुद्धी मतदानास अनुकूल होती, त्याने काय करावयाचे? हा प्रश्न १८३३ मध्ये पेटला. सॅम्युएल ब्राउन वायली हा विद्वान पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राचीन भाषांचा अध्यापक होता. ह्याच वायलीने १८०३ मध्ये करारी भूमिकेचे कडक समर्थन करणारे पुस्तक लिहिले होते. तीस वर्षांनी तोच म्हणू लागला की हे राज्य सदोष असले तरी अवैध नव्हे आणि ख्रिस्ती माणसाने मत देण्यास हरकत नाही. दुसऱ्या बाजूस जेम्स रेनविक विल्सन होता. फाशी गेलेल्या तरुणाचे नाव धारण करणारा हा उपदेशक तितकाच तापट होता. १८३२ मध्ये त्याने एक प्रवचन छापले आणि राष्ट्राध्यक्षांच्या धर्मनिष्ठेवर असे कोरडे ओढले की आल्बनी शहरात लोकांनी त्याचा पुतळा जाळला. १८३३ मध्ये पंथ दुभंगला. वायलीच्या बाजूचे ‘नवप्रकाश’ म्हणविले गेले, जुने ते ‘जुना प्रकाश’. एका मतपत्रिकेवरून भाऊ भावाच्या चर्चमध्ये जाईनासा झाला.

आता ज्या प्रसंगासाठी आम्ही हा विषय घेतला, तो पाहू. १८६० च्या नोव्हेंबरात लिंकन निवडणुकीस उभा होता. जुन्या प्रकाशाचे करारी लोक साठ वर्षे गुलामगिरीस पाप म्हणत आले होते; पळून आलेल्या गुलामांस त्यांनी आपल्या कोठारांत लपवून उत्तरेकडे पोहोचते केले होते. गुलामगिरीचा विस्तार थांबविण्याचे आश्वासन देणारा पहिला राष्ट्राध्यक्ष निवडला जात होता, आणि शिस्तीप्रमाणे ह्या लोकांस त्यास मत देता येत नव्हते. ज्यांनी ते काम केले त्यांतील पुष्कळांचे हात करारी लोकांइतके स्वच्छ नव्हते. केवळ आपल्या प्रांतात काळे लोक येऊ नयेत म्हणून विस्तारास विरोध करणारेही त्यांत होते. इतिहासाने काम करून घेतले ते ह्या मळक्या हातांकडून. त्या दिवशी आपण मत द्यावयास हवे होते, असे आज आपल्यापैकी बहुतेक म्हणतील. आम्हीही तसेच म्हणू. पण हेही विसरता येत नाही, की १८०० मध्ये गुलाम मुक्त करणारी जी ताठ मान होती, तीच १८६० मध्ये मतपेटीपुढे वाकली नाही. एक घ्यावी आणि दुसरी टाकावी, असे माणसांच्या बाबतीत करता येत नाही.

त्याच काळी विल्यम लॉइड गॅरिसनही मतदान वर्ज्य मानीत असे. १८५४ च्या ४ जुलै रोजी त्याने भर सभेत संविधानाची प्रत जाळली. परंतु गॅरिसनचे भांडण गुलामगिरीशी होते; ती जाण्याची चिन्हे दिसताच १८६४ मध्ये त्याने लिंकनच्या फेरनिवडणुकीस जाहीर पाठिंबा दिला. करारी लोकांची परीक्षा १८६५ नंतर झाली. तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी नष्ट केली. त्यांच्या दोन आक्षेपांपैकी एक उरला नाही. तरीही त्यांनी मत दिले नाही! त्यांस केवळ गुलामगिरीचे शत्रू म्हणून गौरविणारे लेखक येथे अडखळतात. गुलामगिरीचा आक्षेप खरा होता, पण तळाचा आक्षेप दुसराच होता: संविधानात ख्रिस्ताच्या सत्तेची कबुली नाही. ती यावी म्हणून एक दुरुस्ती करावी, असे मागण्यासाठी १८६४ मध्ये एक शिष्टमंडळ लिंकनला भेटले होते. त्या चळवळीत करारी लोक पुढे होते. दुरुस्ती कधीच झाली नाही, आणि आमच्या मते झाली नाही हेच बरे झाले. ती होती तर करारी माणूस मत देऊ लागला असता, पण मग यहुदी आणि नास्तिक शेजाऱ्यांवर तीच वेळ आली असती, जी करारी माणसावर इतकी वर्षे आलेली होती. ज्याने स्वतःच्या श्रद्धेसाठी राज्याबाहेर राहणे पत्करले, त्यास दुसऱ्याची श्रद्धा राज्याबाहेर पडेल हे दिसू नये, ह्याचे आम्हांस नवल वाटते.

स्कॉटलंडमधील मूळ शाखेने आपला प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. १८३२ च्या सुधारणा कायद्याने तेथे मताधिकार वाढला, तेव्हा सभासद मत देऊ लागले आणि शिस्तीचे काय करावे हे कळेना. १८६३ मध्ये धर्मसभेने ठरविले की मत देणाऱ्यास दंड करावयाचा नाही. अल्पसंख्याक कडवे बाहेर पडले. उरलेली मोठी शाखा १८७६ मध्ये फ्री चर्चमध्ये विलीन झाली. हे फ्री चर्च म्हणजे मुंबईचे डॉ. जॉन विल्सन आणि नागपूरचे स्टीफन हिस्लॉप ज्याचे होते तेच. आपल्या जुन्या महाविद्यालयांच्या नावांमागे हा इतिहास असा दूरवर उभा आहे. अमेरिकेत १८९१ मध्ये पिट्सबर्गच्या काही तरुण उपदेशकांनी मतदानाची मोकळीक मागितली आणि ते पदच्युत झाले. तेथे ती बंदी १९६० च्या दशकात उठली. मोठी घोषणा झाली नाही. शपथेचा तो अर्थच हळूहळू माणसांच्या मनातून ओसरला होता.

ह्याच्या शेजारी इटलीचे उदाहरण ठेवले म्हणजे भेद स्पष्ट होतो. तेथे नव्या इटालियन राज्याने पोपची भूमी घेतली. १८६८ मध्ये रोमहून निर्णय आला की राष्ट्रीय निवडणुकीत भाग घेणे कॅथलिकांस उचित नाही, आणि १८८६ मध्ये त्याचा अर्थ स्पष्टपणे मनाई असाच करण्यात आला. १९०४ पासून तो निर्बंध सैल होत गेला आणि १९१९ मध्ये मागे घेण्यात आला. तेथील त्याग मोठा होता, पण तो वरून आला आणि वरूनच गेला. करारी लोकांस वर कोणी नव्हते. जे होते ते त्यांचे आपसांतले भांडण.

मग अशा माणसाचे राज्याने काय करावे? जर्मनीत १२ नोव्हेंबर १९३३ रोजी हिटलरच्या सरकारने निवडणूक आणि जनमत एकाच दिवशी घेतले. आपले राज्य ह्या जगातील नव्हे असे मानणारे यहोवाचे साक्षीदार मत देण्यास गेले नाहीत. कित्येकांची रस्त्यांतून धिंड काढण्यात आली, नोकऱ्या गेल्या. पुढे छळछावण्यांत त्यांच्या अंगरख्यावर जांभळा त्रिकोण शिवण्यात आला. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून मतदान सक्तीचे आहे, पण मत न देणे हे आपले धार्मिक कर्तव्य आहे असे जो मानतो, त्याचे ते कारण पुरेसे समजावे असे आज तेथील कायद्यातच लिहिलेले आहे. गंमत अशी, की १९२६ मध्ये जड नावाच्या एका समाजवाद्याने सर्व उमेदवार भांडवलशाहीचे आहेत म्हणून मी मत दिले नाही असे सांगितले, तेव्हा तेथील उच्चतम न्यायालयाने बहुमताने ते कारण अपुरे ठरविले. एकट्या न्यायमूर्ती हिगिन्स ह्यांचे मत निराळे पडले. श्रद्धेची सबब चालते, राजकीय विचाराची चालत नाही. करारी माणसास ह्या दोन रांगांपैकी कोणत्या रांगेत उभे करावयाचे? त्याची श्रद्धा हाच एका संविधानाविषयीचा विचार होता.

आपल्या देशात मत न देणे हा गुन्हा नाही. गुजरातेत स्थानिक संस्थांपुरते मतदान सक्तीचे करणारा कायदा २००९ मध्ये विधानसभेत संमत झाला होता, वडोद्याच्या आमच्या मित्रांस तो आठवत असेल. २०१५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. ज्या शिक्षकबंधूंनी केंद्राध्यक्षाचे काम केले आहे, त्यांस हेही ठाऊक आहे की केंद्रात येऊन नोंदवहीत सही केल्यावरही मतदार नकार देऊ शकतो आणि तसा शेरा मारला जातो. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर यंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटनही आले. मात्र त्या बटनाचा श्रद्धावंतास उपयोग नाही. त्याचा आक्षेप उमेदवारांवर नाही, त्या कृत्यावर आहे. बटन दाबणे हेही त्याच्या लेखी तेच कृत्य.

शाळेच्या दृष्टीने ह्या प्रश्नास जवळचा असा एक खटला आपल्याकडे होऊन गेला आहे. १९८५ मध्ये केरळातील एका शाळेने यहोवाच्या साक्षीदारांच्या तीन मुलांस काढून टाकले. ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी शांतपणे उभी राहत, पण गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी ह्यांनी निकाल दिला. त्यांनी असे धरले की एखादी श्रद्धा आमच्या बुद्धीस पटते की नाही हे न्यायालयाने पाहावयाचे नाही. ती प्रामाणिकपणे आणि मनःपूर्वक धारण केलेली आहे की नाही, एवढेच पाहावयाचे. मुले उभी राहत होती, ह्यात अनादर नव्हता. त्यांस शाळेत परत घ्यावे, असा आदेश झाला.